ट्रकचा टायर डिस्कवर कसा बसवावा

बैलगाडीच्या चाकावर धाव कशी चढवतात, हे आपण पाहिले आहे. लोहार धाव लाल तापवतो. तापली की ती फुगते, मोठी होते. मग ती लाकडी चाकावर ठोकून बसवतात आणि वर पाणी ओततात. धाव आकसते आणि चाकाला घट्ट धरते.

ट्रकच्या टायरला असे तापवता येत नाही. तेथे घट्ट धरण्याचे काम हवा करते. वापरण्याजोगा हवेचा टायर १८८८ च्या सुमारास बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या गृहस्थाने केला. तो जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत, म्हणून त्याने ही खटपट केली. आपल्याकडे टायरच्या बैलगाडीला अजून काही लोक ‘डनलॉप’ म्हणतात, ते त्याच्याच नावावरून.

आता गावोगावी ट्रक आहेत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत. पंक्चरवाला दूर असतो. माल भरलेला असतो. मग मालक म्हणतो, आपणच टायर चढवू. चढवता येतो, पण आधी हवेचे बळ किती असते ते समजून घ्या.

ट्रकच्या टायरात साधारण १०० पौंड हवा भरतात. याचा अर्थ असा, की एक इंच लांब आणि एक इंच रुंद एवढ्या जागेवर १०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४५ किलोंचा रेटा असतो. असे १०० चौकोन घेतले, तर रेटा झाला ४५ क्विंटल. पन्नास किलोंची ९० पोती! आणि टायरच्या एका बाजूवर असे चौकोन शंभराहून पुष्कळ जास्त बसतात. सायकलला हवा भरणारा माणूस ट्रकच्या टायरालाही तसाच सोपा समजतो. तेथेच तो फसतो.

माझा एक विद्यार्थी असाच फसला. हुशार मुलगा. सातवीनंतर ट्रकवर किन्नर म्हणून गेला. त्याच्या ट्रकची डिस्क जुन्या पद्धतीची, ट्यूबची होती. तिला कडेने एक लोखंडी रिंग असते. ती रिंग खाचेत नीट बसली नव्हती. हवा भरता भरता त्याला ते दिसले. हवा न सोडताच त्याने रिंगेवर हातोडा मारला. रिंग उडाली. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. आता तो डाव्या हाताने सही करतो. अक्षर चांगले आहे. हवा सोडून हातोडा मारला असता, तर काही झाले नसते.

बिनट्यूबच्या टायराला अशी सुटी रिंग नसते. डिस्क अखंड असते. म्हणून ती जास्त बरी, पण हवेचा रेटा तोच. त्याचीच रीत पुढे सांगतो.

चाक काढले की प्रथम वॉल्व्हमधली पिन काढावी. सगळी हवा जाऊ द्यावी. मग टायरचे काठ डिस्कपासून सोडवावेत आणि टायर उतरवावा. डिस्क तारेच्या ब्रशने घासावी. तडा गेलेली, वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली डिस्क वापरू नये. टायर आतून हाताने चाचपून पाहावा. जो टायर हवेशिवाय बराच चालला आहे, त्याच्या बाजूच्या पोलादी तारा आतल्या आत तुटलेल्या असतात. वरून तो चांगला दिसतो. हवा भरली की बाजू उलगडते, चेन उघडावी तशी. असा टायर स्वतः भरू नये. जाणत्या माणसाला दाखवावा. टायरवरचा आकडा आणि डिस्कवरचा आकडा एकच आहे ना, हेही वाचावे. अर्ध्या इंचाचा फरक डोळ्याला दिसत नाही. पण आता तुम्हाला आकडे वाचता येतात.

टायरच्या काठात पोलादाच्या तारांचे कडे असते. ते ताणत नाही. मग तो काठ डिस्कवरून आत जातो कसा? डिस्कच्या पोटाला एक खोलगट घळ असते. काठाची एक बाजू त्या घळीत दाबली, की समोरच्या बाजूला ढील मिळते. सगळी युक्ती एवढीच आहे. ही घळ डिस्कच्या ज्या कडेला जवळ असते, ती कड वर करून डिस्क जमिनीवर ठेवावी. दोन्ही काठांना साबणाचे दाट पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये, रबर खराब होते. मग पायाने एक बाजू घळीत दाबून धरावी आणि दोन टॉमींनी थोडा थोडा काठ आत घ्यावा. आधी खालचा, मग वरचा. फार जोर लागत असेल, तर समोरची बाजू घळीतून वर आली आहे असे समजावे.

आता टायर डिस्कवर आहे, पण सैल आहे. नळीने हवा सोडली तर फटीतून निघून जाते. अशा वेळी काही जण आत पेट्रोल शिंपडून काडी लावतात. भडका होतो, टायर बसतो, लोक टाळ्या वाजवतात. माणसे भाजतात आणि मरतातही. आत उरलेली वाफ मागाहून पेट घेऊ शकते. हे कधी करू नये.

त्यासाठी हवेची एक लहान टाकी मिळते. तिला रुंद तोंडाची नळी आणि झटकन उघडणारी चावी असते. टाकीवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त हवा तिच्यात भरू नये. कॉम्प्रेसरची नळी वॉल्व्हला जोडून चालू ठेवावी. पिन अजून बाहेरच असावी. टाकीचे तोंड टायर आणि डिस्क यांच्या फटीत धरावे. दोन्ही हातांनी घट्ट धरावे, कारण टाकी मागे झटका देते. डोळ्यांवर चष्मा हवा. तोंड टायरवर आणू नये. चावी उघडली की हवेचा लोंढा आत शिरतो, काठ बाहेर सरकतात आणि वॉल्व्हची हवा त्यांना धरून ठेवते.

सुमारे २० पौंड झाले की थांबावे. काठाजवळ टायरवर एक बारीक उठावाची रेघ गोल फिरलेली असते. डिस्कच्या कडेपासून तिचे अंतर सगळीकडे सारखे हवे. कमीजास्त असेल, तर सगळी हवा सोडून पुन्हा साबण लावावा. जास्त हवेने तो बसेल, अशी आशा धरू नये.

नीट बसला तर पिन घालून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे. उरलेली हवा तेथेच भरावी. नळी लांब असावी, तिच्या टोकाला वॉल्व्हला पकडणारा चिमटा असावा आणि दाबाचा काटा आपल्या हाताशी असावा. आपण बाजूला उभे राहावे, चाकासमोर नाही. पिंजरा नसेल, तर २० पौंडांवर थांबून चाक टायरवाल्याकडे न्यावे. त्यात कमीपणा नाही.

चाक गाडीला लावताना नट समोरासमोरचे आवळावेत. ऐंशी ते शंभर किलोमीटर गाडी चालली की ते पुन्हा आवळावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी काढण्यापूर्वी, थंड टायराची हवा मोजून पाहावी.