पाहण्याची विद्या : दृश्यकलेची मूलतत्त्वे आणि महाड-पोलादपूरचा परिसर

आषाढातील एखाद्या सकाळी पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या वाटेने महाबळेश्वराकडे निघालेल्या प्रवाशास समोरच्या कड्यांवर दोन प्रकारच्या रेषा दिसतात. एक आडव्या रेषा. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा काळा पाषाण घडला, त्या थरांच्या या खुणा होत. दुसऱ्या उभ्या रेषा. त्या पावसाने कड्यावरून सोडलेल्या शुभ्र धारांच्या. आडव्या रेषांमुळे डोंगर स्थिर व भारदस्त वाटतो, तर उभ्या धारांमुळे त्याच डोंगरात गती आल्याचा भास होतो. हा परिणाम प्रत्येकास जाणवतो. मात्र तो कशामुळे घडतो हे सर्वांनाच सांगता येत नाही. ते सांगता येऊ लागणे, हाच दृश्यकलेच्या अभ्यासाचा आरंभ होय.

हा अभ्यास केवळ चित्रकारांनी करावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः गावाचे दृश्य रूप चित्रकार क्वचितच ठरवितो. शाळेची भिंत कोणत्या रंगाने रंगवावी, वेशीवरील कमान किती उंच असावी, स्मारकाचा चौथरा कोठे बांधावा, घाटातील धोक्याचा फलक कोणत्या अक्षरांत लिहावा, हे निर्णय शिक्षक, शासकीय अधिकारी आणि पंचायतीचे सदस्य घेत असतात. त्या दृष्टीने या मूलतत्त्वांचा परिचय त्यांना असणे अगत्याचे आहे.

घटक आणि तत्त्वे

भाषेत वर्ण आणि शब्द असतात व ते कसे जुळवावेत याचे नियम व्याकरण सांगते. दृश्यकलेचेही तसेच आहे. रेषा, आकार, छायाभेद, रंग, पोत आणि अवकाश हे तिचे घटक होत. तोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य आणि ऐक्य ही त्या घटकांची जुळणी करणारी तत्त्वे होत. घटक म्हणजे साहित्य, तर तत्त्वे म्हणजे त्या साहित्याची रचना.

हा विचार पाश्चात्त्य कलाशाळांबरोबर आपल्याकडे प्रथमच आला, असे मानण्याचे कारण नाही. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. आकारांतील भेद, मापांचा मेळ आणि रंगांची हाताळणी यांचा विचार त्यात स्पष्टपणे आढळतो. मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली. तेथून पुढे कलाशिक्षणाची जी पद्धती रुजली, तिने या विषयाला शालेय अभ्यासक्रमात स्थान मिळवून दिले.

रेषा आणि आकार

रेषा हा सर्वांत साधा, परंतु सर्वांत समर्थ घटक होय. आडवी रेषा विश्रांती सुचविते, उभी रेषा ताठपणा, तिरपी रेषा हालचाल आणि वक्र रेषा मृदुता. रायगड जिल्ह्यातील पेणच्या गणेशमूर्तींना डोळ्यांची आखणी झाल्यावरच जिवंतपणा येतो, हे सर्वज्ञात आहे. कुंचल्याच्या एका बारीक रेषेने मातीच्या गोळ्यास दृष्टी लाभते.

रेषा मिटली की आकार सिद्ध होतो. चौकोन, वर्तुळ, त्रिकोण हे भौमितिक आकार होत. पान, ढग, नदीचे वळण हे नैसर्गिक आकार होत. कोकणातील कौलारू घर पाहावे. खाली भिंतींचा चौकोन आणि वर छपराचा उतरता त्रिकोण. मुसळधार पावसाचे पाणी झटपट वाहून जावे, म्हणून हा उतार ठेवलेला असतो. उपयोगातून जन्मलेला आकार डोळ्यांनाही सुखावतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

छायाभेद आणि पोत

महाडच्या वायव्येस, मुंबई-गोवा महामार्गालगत गांधारपाले येथे डोंगरात खोदलेली सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. महामार्गावरून पाहता फिकट कातळात ओळीने बसविलेले काळे चौकोन तेवढे दिसतात. प्रकाश आणि अंधार यांमधील पायऱ्यांना चित्रकलेत छायाभेद म्हणतात. लेण्याच्या ओसरीत उभे राहिले असता हा घटक प्रत्यक्ष अनुभवास येतो. स्तंभाची उन्हातील बाजू उजळ, वळणावर करडी आणि आतील बाजू गडद दिसते. स्तंभ गोल आहे की चौकोनी, हे डोळ्यांना या छटांच्या बदलामुळेच कळते. ओसरी, सभागृह आणि त्यामागील बुद्धमूर्ती अशा क्रमाने आत जाताना प्रकाश हळूहळू मंदावतो व पाहणाऱ्याचे मन आपोआप शांत होते. ही योजना शिल्पकारांनी छिन्नीइतकीच सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने साधली आहे.

पोत म्हणजे पृष्ठभागाचा गुण. खोदलेल्या कातळावरील टाकीचे घाव, जांभ्याच्या चिऱ्याची छिद्रमय खरखर, शेणाने सारवलेल्या अंगणावरील बोटांचे अर्धगोल, बांबूच्या सुपाची वीण, हे सारे पोताचे प्रकार होत. स्पर्श न करताही डोळ्यांस ते जाणवतात.

रंग

तांबडा, पिवळा आणि निळा हे मूळ रंग मानले जातात. त्यांच्या मिश्रणातून नारिंगी, हिरवा आणि जांभळा हे दुय्यम रंग तयार होतात. रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग परस्परांचे विरोधी होत. तांबड्याचा विरोधी हिरवा, निळ्याचा नारिंगी आणि पिवळ्याचा जांभळा. विरोधी रंग शेजारी आले की दोन्ही अधिक खुलतात. श्रावणात सावित्रीच्या खोऱ्यातील भातखाचरांच्या हिरव्या पसाऱ्यात तांबूस कौलांची वाडी दुरूनही उठून दिसते, त्याचे रहस्य हेच.

रंगाची निवड करताना सभोवतालचा विचार करावा लागतो, हा यातून मिळणारा धडा होय. स्वतंत्रपणे पाहता सुंदर वाटणारा भडक रंग जुन्या दगडी देवळाशेजारी विसंगत ठरू शकतो.

अवकाश

चित्रातील मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. आकारांना अर्थ प्राप्त होतो तो त्यांच्याभोवतीच्या अवकाशामुळे. महाड शहरातील चवदार तळे हे याचे लक्षणीय उदाहरण होय. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या तळ्याचे पाणी प्राशन करून समतेचा हक्क बजावला. तळ्याकाठी येणाऱ्याची दृष्टी शहराच्या दाटीतून एकदम मोकळ्या जलपृष्ठावर स्थिरावते आणि त्या घटनेचे गांभीर्य मनावर ठसते. अशा स्थळी पाण्याचा विस्तार हेच प्रमुख शिल्प होय. फलक, दिव्यांचे खांब, जाहिराती यांची दाटी तेथे जितकी कमी, तितके स्मारक अधिक बोलके होते. उमरठ येथील नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी असो वा पोलादपूर येथील कवींद्र परमानंद यांची समाधी असो, तेथेही हाच विचार लागू पडतो.

रायगडावरील रचनातत्त्वे

घटकांची जुळणी कशी करावी, याचा वस्तुपाठ महाड तालुक्यातील किल्ले रायगडाने घालून दिला आहे. ६ जून १६७४ रोजी येथेच छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला.

तोल दोन प्रकारचा असतो. दोन्ही बाजू सारख्या असल्या म्हणजे समतोल साधतो. बाजू भिन्न असूनही एकूण वजन सारखे भासले, तर तो असम तोल होय. महादरवाज्याचे दोन बुरूज उंचीने सारखे नाहीत. एक सुमारे ७५ फूट, तर दुसरा सुमारे ६५ फूट उंच आहे. तरीही त्यांमधील दरवाजा कलल्यासारखा वाटत नाही. दरवाज्याच्या दोन्ही अंगांस कोरलेली कमळे मात्र मध्यबिंदूभोवती पाकळ्या फिरवून केंद्रवर्ती तोल साधतात.

लय म्हणजे नियमित पुनरावृत्तीतून निर्माण होणारी गती. गडावर बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत समोरासमोरील दोन रांगांत प्रत्येकी २२ गाळे असून मधून सुमारे ४० फूट रुंदीचा रस्ता गेला आहे. जोते, पायरी, गाळा यांचा क्रम पुन्हा पुन्हा येतो आणि पाहणाऱ्याची नजर त्या तालावर पुढे सरकते.

प्रमाण म्हणजे मापांचे परस्परांशी नाते, तर प्राधान्य म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधण्याची योजना. राजसभेची लांबी सुमारे २२० फूट व रुंदी सुमारे १२४ फूट आहे. एका टोकास पूर्वाभिमुख सिंहासनाची जागा आणि तिच्यासमोर नगारखान्याचे उंच प्रवेशद्वार. नगारखान्यातून आत येताच दृष्टी सरळ सिंहासनाकडे जाते. तेथे प्राधान्य साधले आहे ते अलंकरणाने नव्हे, तर मोकळ्या जागेच्या मांडणीने.

विरोधाचे उदाहरण गंगासागर तलावाकाठी आढळते. पाण्याच्या सपाट पातळीशेजारी बारा कोनांचे उंच मनोरे उभे आहेत. एकामुळे दुसऱ्याचे वैशिष्ट्य वाढते. या सर्व वैविध्यास बांधणारे तत्त्व म्हणजे ऐक्य. गडाच्या बांधकामातील काळा पाषाण ज्या डोंगरावर तो उभा आहे त्याचाच सगोत्र असल्याने निसर्ग कोठे संपतो व वास्तू कोठे सुरू होते, हे दुरून समजत नाही. जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर आपले नाव कोरून ठेवणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या सेवेचे मोल या दृष्टीनेही जाणून घेतले पाहिजे.

फलक आणि सुरक्षितता

मूलतत्त्वांचे ज्ञान केवळ सौंदर्यापुरते मर्यादित नाही. जुलै २०२१ मध्ये महाड शहर महापुरात बुडाले आणि त्याच वेळी, २२ जुलै रोजी, तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. अशा भूभागात पूररेषेची खूण, दरडप्रवण भागाची सूचना, सुरक्षित निवाऱ्याकडे नेणारा बाण, यांचे वाचन धुक्यात, पावसात आणि घाईत करावे लागते. तेथे विरोध हे तत्त्व जीवनरक्षक ठरते.

फलकावर अक्षरे व पार्श्वभूमी यांमध्ये गडद-फिकेपणाचा ठळक भेद हवा. पिवळ्यावर काळी किंवा गडद निळ्यावर पांढरी अक्षरे दुरून वाचता येतात. हिरव्यावर तांबडी अक्षरे रंगाने विरोधी असली, तरी दोन्हींची गडदता जवळपास सारखी असल्याने ती संध्याकाळी मिसळून जातात. शिवाय काही व्यक्तींना तांबड्या-हिरव्यातील भेद जन्मतःच दिसत नाही. देवनागरीत मात्रा व वेलांट्या शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली येतात. म्हणून दोन ओळींत पुरेसे अंतर सोडणे आवश्यक असते. एका फलकावर एकच प्रमुख सूचना असावी. फलक लावण्यापूर्वी तो दूर ठेवून, डोळे किलकिले करून पाहावा. त्या अवस्थेतही अक्षरे ओळखू आली, तर रचना योग्य समजावी. या परीक्षेस कोणताही खर्च येत नाही.

जतनाची जबाबदारी

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. त्यात रायगड आहे आणि पोलादपूरच्या शेजारचा, सातारा जिल्ह्यातील प्रतापगडही आहे. या मानाबरोबर परिसरातील ग्रामपंचायतींची जबाबदारीही वाढली आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या सभोवती १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. कायदा बांधकाम रोखू शकतो. परंतु सुरुची निर्माण करणे त्याच्या आवाक्यातील काम नव्हे. असंरक्षित देवळे, दीपमाळा, विहिरी आणि वीरगळ यांची निगा तर बहुतांशी गावाच्याच हाती असते. श्रद्धेने, पण अजाणता, जुन्या शिल्पावर तैलरंग चढविला की त्याचा पोत झाकला जातो, कोरीव कामातील छायाभेद नष्ट होतात आणि दगडातील ओलावा आत कोंडून त्याची झीज वाढते. शतकांचे काम एका दुपारी पुसले जाते. अशा वेळी रंगाचा डबा उघडण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घेणे श्रेयस्कर ठरते.

शाळेतील पाठ

कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे ग्रामीण विद्यार्थ्यांनाही या विषयाची पद्धतशीर ओळख होते. तथापि, परीक्षेपुरते वस्तुचित्र व संकल्पचित्र गिरवून घेणे पुरेसे नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस वर्गाबाहेर न्यावे. एके दिवशी फक्त रेषा शोधाव्यात, दुसऱ्या दिवशी फक्त पोत. झाडाचे खोड, चिरा, चटई यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली की पोतांचा संग्रह तयार होतो. गावातील एकाच देवळाचे सकाळी, दुपारी व सायंकाळी चित्र काढले, तर छायाभेदाचा पाठ कायमचा स्मरणात राहतो. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. लागते ती थोडी सवड आणि जाणीवपूर्वक पाहण्याची सवय.

असे पाहणारा विद्यार्थी पुढे चित्रकार होईलच असे नाही. तो शेतकरी होईल, गवंडी होईल, अधिकारी होईल, कदाचित सरपंच होईल. गावच्या देवळास रंग देण्याचा किंवा घाटात फलक उभारण्याचा प्रस्ताव त्याच्यापुढे येईल, त्या वेळी शाळेत शिकलेली ही बाराखडी त्याच्या उपयोगी पडेल. सावित्रीच्या खोऱ्याला निसर्गाने आणि इतिहासाने भरभरून दिले आहे. ते नीट पाहता येणे ही त्याच्या जतनाची पहिली पायरी होय.