आपल्याला काय करायचंय

अंबाजोगाई
७ डिसेंबर २०२५

चि. बाळास,

देवीचं मार्गशीर्षातलं नवरात्र नुकतंच संपलं. यात्रेची गर्दी ओसरली, गल्ली शांत झाली, म्हणून आज कागद घेऊन बसलो. फोनवर माझं नीट बोलून होत नाही. तुझ्या मागून कुणीतरी सारखी हाक मारत असतं आणि तू "हो मामा, हो मामा" करत सुटका करून घेतोस. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच, मध्येच ठेवून देऊ नकोस.

गेल्या आठवड्यात तू एका दमात दोन गोष्टी सांगितल्यास. पहिली, की तो अमेरिकेतला रॅपर शॉन कोम्ब्स तुरुंगात गेला तरी त्याची जुनी गाणी तू रोज ऐकतोस, कारण तसा ठेका दुसऱ्या कुणाला बांधता आला नाही. दुसरी, की गायला आलेली एक मुलगी तुमच्या गाण्याच्या कंपनीच्या मालकाच्या केबिनमधून रडत बाहेर आली, तू तिला पाण्याची बाटली दिलीस आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसलास. दोन्ही गोष्टींच्या शेवटी तू एकच बोललास, "आपल्याला काय करायचंय, मामा." त्या रात्री मला झोप लागली नाही.

ठेका चांगला असेल तर तो ऐकण्यात पाप आहे, असं मी म्हणणार नाही. पण त्या माणसाचं काय काय झालं, ते मी वाचून काढलं. १९९३ साली त्याने स्वतःची गाण्यांची कंपनी काढली आणि तीस वर्षं त्या धंद्यात त्याचा शब्द खाली पडला नाही. २०१६ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका हॉटेलात त्याने कॅसी व्हेंच्युरा या गायिकेला लाथांनी तुडवलं. ती त्याच्याच कंपनीत गाणारी, त्याच्याच सोबत राहणारी. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याने ते सगळं टिपलं. तिने २०२३ च्या नोव्हेंबरात दावा लावला आणि ते चित्रण लोकांनी पाहिलं २०२४ च्या मे महिन्यात. मधली आठ वर्षं ते कुठे होतं? हॉटेलच्या एका सुरक्षारक्षकाने कोर्टात शपथेवर सांगितलं, की त्या चित्रणासाठी आपल्याला एक लाख डॉलर रोख मिळाले. नोटा मोजायच्या यंत्रावर मोजून, खाकी कागदी पिशवीत घालून.

२ जुलै २०२५ ला ज्युरीने निकाल दिला. टोळी चालवल्याचा आणि लैंगिक तस्करीचा आरोप सिद्ध झाला नाही. वेश्याव्यवसायासाठी माणसांची ने-आण केल्याचे दोन गुन्हे सिद्ध झाले. ३ ऑक्टोबरला न्यायाधीश अरुण सुब्रमण्यन यांनी ५० महिन्यांची कैद आणि पाच लाख डॉलर दंड ठोठावला. त्याआधीच एका विद्यापीठाने मानद पदवी काढून घेतली होती, न्यूयॉर्क शहराने दिलेली मानाची किल्ली परत गेली होती. हे सगळं तुला ठाऊक असेल. मला छळते ती कागदी पिशवी. ती ज्याच्या हातात पडली तो काही राक्षस नव्हता, पगारावर काम करणारा, तुझ्यासारखाच बापडा होता. त्या मोठ्या माणसाभोवती सहायक होते, अंगरक्षक होते, प्रवासाची व्यवस्था बघणारे होते, आणि त्यातल्या कितीजणांनी रोज सकाळी उठून तेच म्हटलं असेल, जे तू मला म्हणालास.

परदेशातलं सोड. तू राहतोस त्या मुंबईतली गोष्ट घे. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. भरत शहा हे हिऱ्यांचे बडे व्यापारी आणि हिंदी सिनेमाला पैसा पुरवणारे त्या काळातले सगळ्यात मोठे सावकार. बँका तेव्हा सिनेमाला उभं करत नसत, त्यामुळे गाणं कुणाचं रेकॉर्ड व्हायचं आणि सेट कुणाचा उभा राहायचा, हे अशा माणसाच्या होकारावर ठरे. २००१ च्या जानेवारीत पोलिसांनी त्यांना मोक्का लावून अटक केली. 'चोरी चोरी चुपके चुपके' या सिनेमाच्या मागे टोळीवाल्या छोटा शकीलचा हात आहे आणि शहांचं त्याच्याशी फोनवर बोलणं होतं, असा आरोप होता. २००३ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने निकाल दिला. टोळीशी संगनमत केल्याच्या आरोपातून शहा सुटले. शिक्षा झाली ती एकाच गोष्टीची. माहिती असून ती पोलिसांपासून दडवल्याची. एक वर्षाची कैद, आणि त्याहून जास्त, चौदा महिने, ते आधीच तुरुंगात काढून आले होते. निर्माता नझीम रिझवीला सहा वर्षं झाली.

या निकालापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. करोडोंचा धनी, आणि त्याच्या कपाळी गुन्हा कुठला लागला? कळत होतं आणि सांगितलं नाही, हा. तुझं "आपल्याला काय करायचंय" आणि कायद्याच्या पुस्तकातला तो गुन्हा यांत अंतर आहे, हे मला कळतं. पण वाट एकच आहे रे.

त्याच खटल्यात पडद्यावरचे मोठमोठे लोक साक्षीदार होते. पोलिसांना एक सांगितलं आणि कोर्टात दुसरंच, असं त्यातल्या अनेकांनी केलं. प्रीती झिंटा मात्र आपल्या जबाबावर ठाम राहिली. धमकीचा फोन आला होता, पैसे मागितले होते, हे तिने कोर्टात सांगितलं. तेव्हाची हवा कशी होती ते ऐक. तू अंधेरीत राहतोस. तिथेच १२ ऑगस्ट १९९७ ला सकाळी देवदर्शन करून बाहेर पडलेल्या गुलशन कुमार यांना गोळ्या घातल्या होत्या. दर्यागंजला फळांचा रस विकणाऱ्याचा मुलगा, स्वस्त कॅसेटींच्या जोरावर देशातला सगळ्यात मोठा गाण्याचा व्यापारी झाला होता. आपल्या घरातल्या आरत्यांच्या कॅसेटी त्यांच्याच होत्या. तुझ्या आजीने त्या झिजवल्या. टोळीने त्यांना मारलं. पुढे २००० सालच्या जानेवारीत दिग्दर्शक राकेश रोशन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते वाचले. अशा हवेत प्रीती साक्षीला उभी राहिली. तेव्हा जे गप्प बसले त्यांना नावं ठेवायला माझी जीभ सहज उचलत नाही. भीती खरी होती. म्हणूनच तिच्या बोलण्याचं मोल मोठं.

आणखी एक, म्हणजे तू दुसऱ्या टोकाला जाऊ नयेस. गुलशन कुमार खटल्यात एका मोठ्या कॅसेट कंपनीचे मालक रमेश तौरानी यांच्यावरही आरोप झाला होता. २००२ मध्ये ते निर्दोष सुटले आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. एकोणीस वर्षं गेली त्यात. तेव्हा ऐकीव गोष्टीवर कुणाचं नाव गावभर करू नकोस. जे डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच, पण तेवढं पूर्ण सांग.

आता माझं सांगतो. हे मी ताईला, तुझ्या आईलाही, कधी सांगितलेलं नाही. शाळेत नोकरीला लागण्याआधी दोन हंगाम मी एका ऑर्केस्ट्रात पेटी वाजवत होतो. जत्रा-उरुसाला कार्यक्रम. गाणारी एक मुलगी होती, अठरा-एकोणीस वर्षांची, आवाजाला अशी धार की काळी पाचच्या वरही कष्ट दिसत नसत. एका रात्री कार्यक्रम आटोपल्यावर तिने मालकाकडे तीन महिन्यांचे राहिलेले पैसे मागितले. त्याने तिच्या थोबाडीत मारली आणि वर असं काही बोलला की मी ते इथे लिहिणार नाही. मी चार हातांवर होतो. पेटीचा भाता बंद करून कातडी पट्टा बकलात घालत होतो. पट्टा आत जाईना. रोज डोळे मिटून जाणारा पट्टा त्या रात्री जाईचना, आणि मी मान खाली घालून तोच ओढत बसलो, कारण मान वर केली असती तर तिच्याकडे बघावं लागलं असतं. सगळे जण असेच काहीतरी गुंडाळत होते. ढोलकीवाला, लाइटवाला, सगळेच. सकाळी ती नव्हती. नंतर ती कुठे गायल्याचं मी ऐकलं नाही. त्या मालकाला कधी शिक्षाबिक्षा झाली नाही.

मी का गप्प बसलो? माझ्या अंगावर त्याचे आठशे रुपये होते.

म्हणून तुझ्या त्या पैशांचं विचारतो. कीबोर्ड आणि सॉफ्टवेअरला कंपनीने पैसे दिले, त्याला तू ॲडव्हान्स म्हणतोस. आपल्या घरात त्याला उचल म्हणतात. तुझे आई-वडील दिवाळी झाली की कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊस तोडायला जातात, ते कशापायी? मुकादमाची उचल फिटलेली नसते म्हणून. हंगामात अंग मोडून दोघं राबतात, हंगाम संपून पट्टा पडला की हिशेब होतो, आणि वहीत पुन्हा बाकी निघते. तुझ्या वडिलांना एकदा ताप होता, फडात उभं राहवत नव्हतं, तरी मुकादमासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. उचल अशी जिभेवर बसते. तू बारावीपर्यंत माझ्याकडे राहिलास तो हाच फास तुझ्या गळ्यात पडू नये म्हणून, आणि आता तूच कराराच्या कागदावर सही करून आलास, तोही न वाचता.

तर आधी ते पैसे फेड. माझ्या पेन्शनीतले चाळीस हजार बाजूला आहेत, पुढच्या आठवड्यात खात्यावर टाकतो. नाही म्हणू नकोस. राहिलेले हप्त्याने दे आणि प्रत्येक हप्त्याची पोच लेखी घे. कराराची प्रत मागून घे. देत नसतील तर तेच तुझं उत्तर समज. तू चाली बांधतोस, म्हणून एवढं लक्षात ठेव, की २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला. सिनेमागृहाबाहेर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा बरोबरीचा वाटा आहे, आणि करारात लिहून घेतला तरी तो जात नाही. वकिलाला दाखव. फी मी देईन.

आता तुमच्याकडे गायला आलेल्या त्या मुलीचं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाला अंतर्गत समिती नेमावीच लागते. माणसं कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ती मुलगी तिथे नोकरीला नाही, नुसती गायला आली होती, तरी तिला तक्रार करता येते. मुदत तीन महिन्यांची. तू तिच्या वतीने ठरवायचं नाहीस. तिला फोन कर, नुसतं विचार, "तुला काही करायचं असेल तर मी काय पाहिलं ते मी सांगेन." ती नको म्हणाली तर नको. पण ते वाक्य तिला ऐकू दे. आणि त्या दिवशी किती वाजता ती आत गेली, किती वाजता बाहेर आली, खोलीत आणखी कोण होतं, हे आज रात्री वहीत तारीख घालून लिहून ठेव. मोबाइलवर नको, वहीत.

काम जाईल अशी भीती वाटेल. जाऊ शकतं, खोटं कशाला सांगू. गेलं तर इकडे ये. माझ्या शिकवणीला सतरा मुलं आहेत आणि माझी बोटं आता थंडीत वळत नाहीत. दोन महिने इथे काढलेस तर तुझा हात बिघडणार नाही.

ताईचा काल फोन आला होता ऊसतोडीच्या कोपीवरून. तिथे वीज नाही, कारखान्याच्या गेटवर जाऊन फोन चार्ज करून आणते. तुझं विचारत होती. मी तिला यातलं काही बोललो नाही. रविवारी रात्री आठनंतर तिला लाव, तेव्हा गाडी भरून झालेली असते. संक्रांतीला येशील तेव्हा माझ्यासमोर बसून त्या मुलीचं काय झालं ते सांग. मी वाट बघतोय.

तुझा
मामा