झेल सुटला, रक्तदाब चढला!

परवा रविवारी रात्री दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एक ओळखीचे गृहस्थ उजवा हात टॉवेलात गुंडाळून आले. करंगळीच्या मागचा भाग टम्म सुजला होता. ‘‘कुठे पडलात?’’ असे विचारले, तर ते खाली बघू लागले. शेवटी त्यांच्या सौभाग्यवतीच बोलल्या, ‘‘पडताहेत कुठले, डॉक्टरसाहेब! टीव्हीवर मॅच चालली होती. कुणीतरी कॅच सोडला आणि ह्यांनी टीपॉयवर गुद्दा हाणला. ज्याने सोडला तो दोन मिनिटांत हसायला लागला. आणि मॅच शेवटी आपणच जिंकलो!’’

एक्स-रे काढला. करंगळीच्या मागचे, तळहातातले हाड मोडले होते. रागाच्या भरात भिंतीवर, टेबलावर, दारावर गुद्दा मारणाऱ्यांचे बहुधा हेच हाड मोडते. त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ असे भारदस्त नाव आहे. गंमत अशी, की तयार बॉक्सरला ते फारसे होत नाही. ते होते आपल्यासारख्यांना. झेल सोडला एकाने, प्लॅस्टर दुसऱ्याला!

मला हसू आले, ते लपवलेही नाही. पण हसण्याचा अधिकार मला कितपत आहे, हेही वाचकांना सांगितले पाहिजे. आमच्या गावात डॉक्टर विरुद्ध वकील असा क्रिकेटचा सामना होतो. एका वर्षी एका वकीलसाहेबांनी मारलेला चेंडू सरळ माझ्या हातात आला आणि तितक्याच सरळ खाली पडला. मी टोपी जमिनीवर आपटली, तिच्यावर पाय दिला आणि उन्हाने डोळे दिपले असे जाहीर केले. आभाळ तेव्हा भरून आलेले होते. जेवणाच्या सुट्टीत आमच्या कंपाउंडरने गमतीने माझा रक्तदाब मोजला, तो १६४/१०० निघाला. तासाभराने १३६/८४ वर आला. ते वकीलसाहेब त्या वेळी ४ धावांवर होते आणि ७ धावांवर बाद झाले. म्हणजे माझ्या चुकीची एकूण किंमत ३ धावा!

शरीरात काय घडते?

आपल्या शरीराला वाघ दिसला काय आणि झेल सुटला काय, सुरुवातीला दोन्ही सारखेच वाटतात. मेंदूकडून धोक्याची सूचना जाते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींमधून ॲड्रिनॅलिन रक्तात येते. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी ही तयारी असते. वाघ असेल तर ती उपयोगी. खुर्चीत बसलेल्या माणसाला ना पळायचे असते ना लढायचे. मग तो ओरडतो, नाहीतर टीपॉयवर गुद्दा मारतो.

तरुण, निरोगी माणसाचे यात सहसा फारसे बिघडत नाही. पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या बाबतीत ही थट्टा राहत नाही. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला. त्या वेळी म्युनिक व परिसरातील डॉक्टरांनी हृदयाच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या २.६६ पट झाले होते. पुरुषांमध्ये तर ३.२६ पट. त्याआधी ३० जून १९९८ रोजी इंग्लंडचा संघ अर्जेंटिनाकडून पेनल्टींवर हरला. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस मिळून इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या २५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. यातला कोणीही रुग्ण मैदानात उतरलेला नव्हता.

मुलांच्या पोटात का दुखते?

मोठ्यांच्या रागाची झळ दुसऱ्यालाही लागते. बारा वर्षांच्या एका मुलाला त्याचे वडील माझ्याकडे घेऊन आले. दर रविवारी सकाळी त्याच्या पोटात दुखे. तपासण्या सगळ्या ठीक होत्या. रविवारी काय असते, असे विचारल्यावर समजले, की त्या दिवशी संघाचा सामना असतो. वडिलांना थोडा वेळ बाहेर बसवले. तेव्हा मुलगा म्हणाला, ‘‘माझ्याकडून कॅच सुटला की बाबा घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलत नाहीत.’’

हे ढोंग नव्हे. मनावरचा ताण मुलांमध्ये अनेकदा पोटातूनच बोलतो आणि ते दुखणे खरेच असते. मी वडिलांना औषध लिहून दिले : रोज संध्याकाळी मुलाने दहा चेंडू उंच टाकायचे आणि वडिलांनी झेलायचे. पहिल्या दिवशी त्यांच्याकडून सहा सुटले. दोघेही अंगणात पोट धरून हसले, असे मुलाच्या आईने सांगितले. दुखणे एका दिवसात गेले नाही, पण महिन्याभरात रविवार सुना गेला नाही आणि दुखलाही नाही.

१८ एप्रिल १९८६ रोजी शारजा येथे चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर जावेद मियांदादने षटकार मारला आणि आपण हरलो. त्या एका फुलटॉससाठी लोकांनी शर्माला वर्षानुवर्षे बोल लावले. त्याच चेतन शर्माने ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी आपल्या नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक घेतली. ही दुसरी तारीख किती जणांना आठवते?

हसणे आणि हसे करणे

मनापासून हसताना नाडी क्षणभर वाढते. पण हसणे ओसरले की स्नायू सैल पडतात, श्वास खोल होतो आणि ताण उतरतो. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. बरोबर एक वर्षाने, १३ मार्च १९९६ रोजी, श्रीलंकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात कोलकात्याच्या प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आग लावली आणि सामनाच थांबवावा लागला. तारीख एकच, माणसाच्या दोन तऱ्हा.

मात्र हसायचे ते आपल्या थयथयाटाला. ज्याच्याकडून चूक झाली त्याला नव्हे. त्याला हसणे म्हणजे त्याचे हसे करणे. त्याने त्याचाच ताण वाढतो. आणि हसणे हा रक्तदाबाच्या गोळीला पर्याय नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सामन्याच्या दिवशी एवढे करा

१) रक्तदाबाची, मधुमेहाची, हृदयाची गोळी वेळेवर घ्या. जेवण चुकवू नका.

२) चिवडा, वेफर्स, शेव यांतील मीठ आणि चहाचे कप मोजा. विडी-सिगारेट व मद्य तर नकोच.

३) षटक संपले की उठून दोन पावले चाला.

४) राग आला की मूठ उघडा, सावकाश श्वास सोडा आणि चुकीची किंमत काढा : किती धावा गेल्या? आपल्या घरातले काय गेले?

५) छातीत दाब किंवा दुखणे, डावा हात अथवा जबडा भरून येणे, दरदरून घाम, दम लागणे यांपैकी काही झाल्यास निकालाची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा. ‘एवढी ओव्हर होऊ दे’ म्हणणे जिवावर बेतू शकते.

ते गृहस्थ काल पुन्हा दाखवायला आले होते. प्लॅस्टरवर नातवाने निळ्या शाईत लिहिले होते : ‘आजोबा, कॅच पुन्हा सुटणार आहे!’ वाचून दाखवताना सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. रक्तदाब घेतला, तो १३०/८० भरला.