थंडीच्या सकाळीं मोटारसायकल कां अडखळते ?

मेळघाटच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारें 1,100 मीटर उंचीवर आपलें चिखलदरा वसलें आहे. वऱ्हाडांतील लोक उन्हाळ्यांत थंड हवेसाठीं येथें येतात. परंतु हिवाळ्यांत पारा 10 अंश सेल्सिअसच्या खालीं उतरला म्हणजे तीच थंडी येथील रहिवाशांची परीक्षा पाहते. पहाटेच घाट उतरून परतवाड्यास जावयाचें असतें. कोणास परीक्षेस बसावयाचें, तर कोणास घरच्या आजाऱ्याला दवाखान्यांत न्यावयाचें असतें. आणि नेमकी त्याच वेळीं मोटारसायकल चालू होत नाहीं. झालीच तर मूठ पिळतांच अडखळते व बंद पडते. "हल्लीं पेट्रोलांत इथेनॉल मिसळतात, त्याचाच हा परिणाम," असें पुष्कळांचें मत असतें. हें मत कितपत खरें आहे, याचा विचार आपण येथें करूं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. द्रवरूप पेट्रोल जळत नाहीं. जळते ती त्याची वाफ. ही वाफ हवेंत योग्य प्रमाणांत मिसळली, तरच प्लगच्या ठिणगीनें ती पेट घेते. शुद्ध पेट्रोलच्या 1 भागास वजनानें सुमारें 14.7 भाग हवा लागते. इंजिन गार असलें म्हणजे पेट्रोलचा बराच भाग वाफ न होतां नळीच्या व सिलिंडरच्या गार भिंतींना थेंबरूपानें चिकटून राहतो. ठिणगीपाशीं पोंचणारें मिश्रण त्यामुळें पातळ होतें आणि इंजिन अडखळतें. उणीव भरून काढण्यासाठीं आरंभीं जास्त पेट्रोल द्यावें लागतें. कार्बुरेटरच्या गाडींत हें काम चोक करितो. भारत स्टेज सहाचे नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बुरेटरच्या जागीं इंजेक्शनची पद्धति आली. तींत इंजिनाची उष्णता मोजून गाडींतील लहानसा संगणकच पेट्रोलचें प्रमाण ठरवितो.

आतां इथेनॉलकडे वळूं. हें ऊंस, मका, तांदूळ इत्यादिकांपासून बनणारें अल्कोहोल होय. 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री आपल्या देशांत 6 फेब्रुवारी 2023 रोजीं सुरू झाली. इथेनॉलचे तीन गुण आपल्या प्रश्नाशीं संबंध ठेवितात. पहिला असा कीं, त्याची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहूनहि अधिक उष्णता लागते. विद्यार्थिमित्रहो, हात निर्जंतुक करण्याचें द्रव तळहातावर घेतल्यास तो कसा गार पडतो, हें तुम्ही अनुभविलेंच असेल. तें द्रव वाफ होतांना हाताची उष्णता घेतें. इंजिनांतहि तसेंच घडतें. दुसरा गुण असा कीं, पेट्रोल हें अनेक द्रवांचें मिश्रण असून त्यांतील हलके भाग थंडींतहि उडून जातात. इथेनॉल मात्र एकच पदार्थ असून तो 78 अंशांवर उकळतो. तिसरा गुण असा कीं, त्याच्या अंगीं स्वतःचा प्राणवायु असल्यामुळें त्यास हवा कमी, म्हणजे 1 भागास सुमारें 9 भाग, पुरते. जुन्या कार्बुरेटरची मापें शुद्ध पेट्रोलसाठीं ठरविलेलीं असल्यामुळें मिश्रित इंधनानें त्यांतील मिश्रण कांहींसें पातळ पडतें.

एवढ्यावरून इथेनॉलच अपराधी ठरलें असें कोणी म्हणेल. पण निवाडा देण्यापूर्वीं ब्राझीलची साक्ष घेऊं. त्या देशांत निव्वळ इथेनॉलवरहि वाहनें चालतात. तेथें 2009 मध्यें होंडा कंपनीनें दोन्ही इंधनांवर चालणारी मोटारसायकल विक्रीस आणली. हवा 15 अंशांहून थंड असल्यास टाकींत निदान 20 टक्के पेट्रोल ठेवावें, अशी सूचना तिच्यासंबंधानें होती. म्हणजे एवढ्या पेट्रोलचे हलके भाग पहिली ठिणगी पेटविण्यास पुरत होते. आपल्या टाकींत तर 80 टक्के पेट्रोल असतें ! तेव्हां सुस्थितींतील गाडी चिखलदऱ्याच्या थंडींत चालू व्हावयासच पाहिजे. इथेनॉल निरोगी गाडीला आजारी पाडीत नाहीं. आधींच दुबळी असलेल्या गाडीचें दुबळेपण तें उघडें करितें.

मग दुबळेपण शोधावें कोठें ? प्लग काजळलेला असतो, बॅटरी थंडीनें मंदावलेली असते, हवेची गाळणी धुळीनें भरलेली असते, तेल दाट झालेलें असतें, किंवा चोकची तार अडकलेली असते. पेट्रोल पुष्कळ दिवस बाटलींत अथवा टाकींत पडून राहिल्यास त्याचे हलके भाग आधीं उडून जातात, व थंडींत तेच तर हवे असतात. इथेनॉल पाणीहि शोषून घेतें. आपल्याकडील पावसाळ्याच्या दमट धुक्यांत टाकीचें झांकण सैल राहिलें, तर आंत ओल शिरते; ती फार झाली म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं वेगळे बसतात आणि इंजिनास प्रथम तेंच मिळतें. ज्या जुन्या गाड्यांचे रबरी भाग अशा मिश्रणासाठीं बनविलेले नाहींत, त्यांच्या नळ्या मिस्त्रीकडून वरचेवर तपासून घ्याव्या.

महागडें, अधिक ऑक्टेनचें पेट्रोल घातल्यानें गाडी लवकर चालू होईल, ही समजूतहि बरोबर नव्हे. ऑक्टेन हा आंकडा इंधन अवेळीं पेटून इंजिन ठोकूं लागण्यास किती विरोध करितें, तें दाखवितो. तें थंडींत किती लवकर वाफ होतें, हें दाखवीत नाहीं. गाडीच्या पुस्तकांत सांगितलें असेल तेंच इंधन घ्यावें, व तें ताजें घ्यावें. उरलेला पैसा नव्या प्लगसाठीं ठेवावा.

शेवटीं सावधगिरीच्या तीन गोष्टी सांगतों, कारण येथें प्रश्न केवळ खोळंब्याचा नाहीं. दार लावलेल्या खोलींत किंवा पडवींत इंजिन चालू ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, आणि तो माणसाचा प्राण घेतो. इंजिन गरम करण्यासाठीं त्याजवळ जाळ कधींहि नेऊं नये. आणि गाडी चालू होत नाहीं म्हणून ती घाटाच्या उतारावर तशीच सोडूं नये. इंजिन बंद असतां न्यूट्रलमध्यें उतरणाऱ्या गाडीला इंजिनाचा अटकाव मिळत नाहीं, सर्व भार ब्रेकांवर पडतो, आणि धुक्यांतील वळण कोणाची वाट पाहत नाहीं. त्यापेक्षां चोक ओढून, मूठ न पिळतां किक मारावी, इंजिन मिनिटभर स्थिर चालूं द्यावें, मग चोक हळूहळू बसवून सावकाश निघावें. दहा मिनिटें आधीं उठणारा मनुष्य दवाखान्यांत आणि परीक्षेसहि वेळेवर पोंचतो. कारण समजून घेतल्याशिवाय दोष देऊं नये, हा नियम यंत्रांस लागू आहे. माणसांस तर तो त्याहून अधिक लागू आहे.