नऊच्या तारा खुशाल लाव

अगं, नऊच्या तारा म्हणजे पोरखेळ आणि खरे गिटारिस्ट अकराच लावतात, असं बँडमधल्या मुलांनी तुला सांगितलं आणि तू ते लगेच मनावर घेतलंस. काल फोनवर तुझा आवाज इतका पडलेला होता की मला राहवलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय. तारेची जाडी ही कुणाच्या हिमतीची परीक्षा नसते. तुझ्या गिटारची लांबी, तुझं ट्यूनिंग, तुझी बोटं आणि तुला वाजवायचं काय आहे, एवढ्यावरून ती ठरते. तालमीच्या खोलीत कोण काय म्हणालं, याचा तिच्याशी संबंध नाही.

आधी हे आकडे समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कुणी ते तोंडावर फेकले तर गोंधळायला होणार नाही. नऊचा सेट म्हणजे ज्यातली पहिली, सगळ्यात बारीक तार 0.009 इंच जाडीची असते तो. मिलिमीटरमध्ये 0.23. त्याच सेटमधली सहावी तार 0.042 इंचाची, म्हणून पाकिटावर 9-42 छापलेलं असतं. दहाचा सेट 10-46 आणि अकराचा बहुधा 11-48 किंवा 11-49. नऊ आणि दहा यांच्यातला फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी, मग एवढं काय बिघडतं, असं वाटेल. पण सूर तोच ठेवायचा तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुझ्या साडेपंचवीस इंची गिटारवर नऊची पहिली तार साधारण 6 किलोंनी ओढते, दहाची सव्वासात किलोंच्या वर जाते आणि अकराची जवळजवळ 9 किलोंवर. सहाही तारांची बेरीज केली तर नऊचा सेट सुमारे 38 किलो ओढतो, दहाचा 46 किलोंच्या आसपास आणि अकराचा पन्नासच्या पुढे. आता सांग, तिसऱ्या तारेवर बेंड करताना तुझं बोट अर्ध्या वाटेत थांबलं तर त्यात तुझी मेहनत कुठे कमी पडली?

तू आणखी एक गोष्ट सांगितलीस, अकराच्या तारा चढवल्यापासून ब्रिज मागून उचलल्यासारखा दिसतोय आणि एक तार सुरात आणली की बाकीच्या उतरतात. बयो, ते होणारच होतं. तुझ्या गिटारचा ब्रिज हलता आहे. पुढून तारा त्याला ओढतात आणि पाठीमागच्या झाकणाखालच्या स्प्रिंगा उलट्या बाजूला ओढून धरतात. नऊच्या ताणाला जुळवलेल्या स्प्रिंगांवर एकदम पंधरा किलोंचा जादा भार आला, तर ब्रिज पुढे झुकतो, तारा फ्रेटपासून वर जातात आणि मानेलाही थोडा बाक येतो. म्हणजे तारा जाड आणि वर त्या दाबायला जास्त खोल जायचं. बोटं सोलून निघाली ती अशी. दुरुस्तीवाल्याकडे गेलीस की त्याला सांग, नऊचा सेट लावायचाय, स्प्रिंगा बघून ब्रिज सारखा करून दे, मान बघून तिच्यातला ट्रस रॉड लागला तर फिरव आणि इंटोनेशन तपास. नऊवर परतताना ताण कमी होतो, मान सरळ होते आणि तार फ्रेटवर खरखरायला लागू शकते. त्यामुळे हे सगळं एकाच बैठकीत करून घेतलेलं बरं. ट्रस रॉडला तू स्वतः हात लावू नकोस, निदान पहिल्यांदा तरी.

गिटारच्या लांबीचं थोडं सांगायला हवं, कारण मुलं तिथेच फसतात. नटापासून ब्रिजपर्यंतचं अंतर, म्हणजे स्केल, फेंडरच्या स्ट्रॅटवर साडेपंचवीस इंच असतं आणि गिब्सनच्या लेस पॉलवर पावणेपंचवीसच्या आसपास. तोच सेट, तोच सूर, पण लांब स्केलवर ताण सुमारे सहा टक्के जास्त. फेंडरच्या गिटारी दुकानात बहुधा नऊच्या तारांनी येतात आणि गिब्सनच्या दहाच्या, त्यामागे हेच आहे. तुमच्या बँडमधला जो मुलगा लेस पॉलच्या घाटाची गिटार वाजवतो, त्याला दहाच्या तारा मऊ लागतात आणि तुला त्याच कडक लागतात. तो खोटं बोलत नाहीये, त्याच्या हातात गिटार वेगळी आहे एवढंच.

आता तुला ज्याचं नाव घेऊन घाबरवलं गेलं त्या स्टीव्ही रे वॉनकडे येऊ. खरं आहे, त्याच्या तारा तेरापासून सुरू व्हायच्या. पण तो गिटार अर्धा सूर खाली लावायचा, हे सांगायला लोक विसरतात. अर्धा सूर खाली आणलं की ताण अकरा टक्क्यांनी घटतो. तरीही त्याची बोटं फाटायची आणि तो सुपरग्लू लावून वाजवायचा, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या काळात त्यालाही तारा हलक्या कराव्या लागल्या. मोठा वादक होता, पण त्याचं मोठेपण त्या तेरामध्ये नव्हतं.

दुसरीकडे झीझी टॉपचा बिली गिबन्स बघ. तरुणपणी बी. बी. किंगनं त्याची गिटार हातात घेतली, जाड तारा चाचपल्या आणि इतके कष्ट कशाला घेतोस, असं विचारलं. हा किस्सा गिबन्सनं स्वतः सांगितलाय. आज तो सातच्या तारा लावतो. सात! आणि त्याचा आवाज पातळ आहे असं म्हणायची कुणाची छाती नाही. ब्रायन मेही बारीक तारांवरच वाजवत आला आहे.

टोनी आयोमीची गोष्ट तर तू नीट लक्षात ठेव, कारण तुझ्या बँडला हेवी मेटल वाजवायचंय. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवर चालणारा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यांवर चामडं चिकटवलं आणि बारीक तारा शोधायला निघाला. हव्या तशा मिळेनात म्हणून बँजोच्या तारा लावल्या. पुढे 1971 च्या अल्बममध्ये, 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त तर त्यानं गिटार दीड सूर खाली उतरवली. ज्या आवाजापासून हेवी मेटल सुरू झालं, तो बारीक आणि सैल तारांतून आला. हे तुझ्या त्या मुलांना जरूर सांग.

तशा या हलक्या तारा सहजासहजी मिळालेल्या नाहीत. कॅलिफोर्नियात टारझाना इथं अर्नी बॉल या माणसाचं गिटारचं दुकान होतं. शिकाऊ मुलं तिसऱ्या तारेशी झगडताना त्यानं पाहिली. तेव्हाच्या सेटमध्ये ती 29 हजारांश इंचाची असायची. जाणते वादक सहावी तार काढून टाकत, बाकीच्या एकेक जागा सरकवून लावत आणि पहिल्या जागी बँजोची तार चढवत. त्यानं फेंडरला हलका सेट काढायला सांगितलं, त्यांनी नकार दिला. मग त्यानं दुसऱ्या कारखान्याकडून स्वतःच सेट करून घेतले आणि साठच्या दशकात 'स्लिंकी' तारा बाजारात आल्या. आज त्या जगभरच्या दुकानांत टांगलेल्या असतात.

आता तुझ्या बोटांकडे. तू गाणं शिकलेली आहेस, तुझा कान तयार आहे. मींड तुला गळ्यातून येते, तीच तुला तारेतून काढायची आहे. त्यासाठी तार बोटाचं ऐकणारी हवी, ओढताना श्रुती हातात राहायला हवी. म्हणून एक करून बघ. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर अनामिका ठेव, तिच्यामागे त्याच तारेवर मधलं बोट आणि तर्जनी ठेव, अंगठा मानेवरून वर येऊ दे. आधी दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवून तो सूर कानात घे. मग तिसरी तार ढकल आणि त्याच सुरावर नेऊन थांबव. जोर मनगट फिरवून लाव, नुसत्या बोटांनी रेटू नकोस. सूर बरोबर लागला, दोन श्वास टिकला आणि खाली येताना कापला नाही, तर ती तार तुझ्या मापाची. तिथवर पोचतानाच हात थरथरला तर एक पायरी खाली ये. आणि सूर ओलांडून सारखी पलीकडेच जायला लागलीस, तर मात्र साडेनऊ किंवा दहा बघायला हरकत नाही. साडेनऊचेही सेट मिळतात, फारसं कुणी सांगत नाही.

तू अकूस्टिकवरून आलीस. तिथं बाराच्या तारा होत्या आणि तिसरी तार गुंडाळलेली होती, त्यामुळे दाबून धरायची सवय लागली आहे. त्याच ताकदीनं नऊच्या तारेवर कॉर्ड धरलीस तर ट्यूनर बरोबर दाखवत असूनही कॉर्ड बेसूर लागेल, कारण जादा दाबानं सूर चढतो. सुरुवातीला हे हमखास होतं. मग कुणीतरी म्हणतं, बघ, बारीक तारा सुरात राहत नाहीत. तू एक तार धर, दाब हळूहळू कमी करत जा आणि ती खरखरायला लागते त्याच्या किंचित अलीकडे थांब. रोज पाच मिनिटं एवढंच कर. हलका हात ही मोठी कमाई आहे, ती जाड तारांवर होत नाही.

जाड तारांचे मानकरी आहेतच, ते नाकारत नाही. सहावी तार सा उतरवावा तशी ई वरून डीवर आणायची असेल तर तिचा ताण वीसेक टक्क्यांनी जातो आणि 42 ची तार लोंबते. तिथे 9-46 घे, वर बारीक आणि खाली भरीव. त्याहून खाली जायचं तर 10-52. स्लाइड वाजवायची तर जाड तारा आणि उंच अ‍ॅक्शन हवीच, नाहीतर काच फ्रेटवर आपटते. जॅझवाले अकरा-बारा लावतात, त्यांना फारसे बेंड करायचे नसतात. आवाजाचं म्हणशील तर जाड तार थोडी भरीव वाजते, हे खरं. पण तेवढा फरक अ‍ॅम्पचं एक बटण फिरवून आणि पिकअप किंचित वर घेऊन बराचसा भरून निघतो.

एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. मुलीचा हात म्हणून बारीक तारा घे, असं कुणी म्हणालं तर तेही ऐकू नकोस. आयोमी आणि गिबन्स यांना असं कुणी म्हणत नाही. शिवाय बोटांची टोकं हुळहुळणं वेगळं, ती घट्ट होतात. पण मनगटात किंवा कोपरापर्यंत कळ गेली तर त्या दिवशी गिटार पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशीही कळ राहिली तर डॉक्टरला दाखवायचं, नेट लावून वाजवत बसायचं नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात तारा लवकर गंजतात, समुद्राजवळ तर फारच. वाजवून झालं की सुती फडक्यानं प्रत्येक तार वरून-खालून पूस. आणि नऊचा सेट घेशील तेव्हा पहिल्या तारेच्या दोन-तीन सुट्या तारा सोबत घेऊन ठेव. दुकानात त्या सुट्या मिळतात, आणि तुटते ती बहुतेक वेळा तीच.