टिंबाची चूक

आमच्या वर्गात गुरुजींनी वस्तुमान मोजायला शिकवले. १ किलोग्रॅम म्हणजे १००० ग्रॅम. १०० किलोग्रॅम म्हणजे १ क्विंटल. मला वाटले, हे तर लई सोपे आहे.

रविवारी शेजारच्या काकू आमच्याकडे चिंच घ्यायला आल्या. आईने तराजूत २-२ किलोची दोन वजने आणि ५० ग्रॅमचे एक वजन टाकले. काटा बरोबर मध्ये आला. भाव ६० रुपये किलो. हिशेब मी केला. ४ रुपये ५० पैसे आपण ४.५० लिहितो, म्हणून मी ४.५० किलो लिहिले. २७० रुपये झाले. काकूंनी ते दिले.

सोमवारी गुरुजी म्हणाले, "रुपयात पैसे १००, म्हणून टिंबानंतर दोन घरे. किलोत ग्रॅम १०००, म्हणून तीन घरे." माझ्या काळजात धस्स झाले. मी वहीत परत मांडले :

४ किलो = ४००० ग्रॅम
४००० + ५० = ४०५० ग्रॅम = ४.०५० किलो
४.०५० × ६० = २४३ रुपये
२७० − २४३ = २७ रुपये

म्हणजे २७ रुपये जास्त घेतले!

घरी जाऊन आईला सांगितले. ती रागावली नाही. २७ रुपये हातात देऊन म्हणाली, "चूक तुझी, तूच जाऊन दे." मला लाज वाटत होती. काकू म्हणाल्या, "मला तरी कुठं कळलं होतं!"

म्हणून मित्रांनो, आधी सगळ्याचे ग्रॅम करा, मगच टिंब द्या. आता सांगा पाहू, ३ किलो ५ ग्रॅम म्हणजे किती किलो?

– इयत्ता ४ थी