शॉवर बिघडला? भिंत फोडण्याआधी हे तपासा



गाळप हंगाम संपला, मोळी थांबली की कारखान्यात यंत्रं उघडायचं काम सुरू होतं. मी बॉयलिंग हाऊसला फिटर म्हणून उभी नोकरी केली. कुठल्या लाईनीत कुठं चोक बसलाय हे पाईपाला हात लावून सांगायचो. तरी माझ्याच घरच्या न्हाणीघरात मी जो मूर्खपणा केला, तो आधी सांगतो. त्यातूनच पुढचं सगळं निघतं.

मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. शॉवरचं पाणी अगदी करंगळीएवढं यायला लागलं. घरात लगीनघाई, म्हणून मी स्वतः न बघता तालुक्याहून एक प्लंबर बोलावला. त्याने फरशीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "आबा, आतला पाईप चोक झालाय. भिंत फोडावी लागंल." आमची मंडळी दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, पण खालच्या तोटीला तर पाणी धो धो येतंय की." मी म्हटलं, "तुला त्यातलं काय कळतंय?" झालं. चार टाईल्स फुटल्या, छिन्नीच्या दणक्याने एक एल्बो तडकला, आणि आतला पाईप निघाला आरशासारखा स्वच्छ. शेवटी शॉवरचं डोकं खोललं तर त्याच्या जाळीत पांढरी कच आणि टेफ्लॉन टेपचा एक तुकडा. साडेसहा हजार रुपये गेले. त्या रंगाच्या टाईल्स परत मिळाल्या नाहीत, त्यामुळे ठिगळ आजही दिसतं.

मंडळी बोलली ते शंभर टक्के बरोबर होतं. खालच्या तोटीला पाणी जोरात येतंय याचा अर्थ टाकीपासून मिक्सरपर्यंत लाईन मोकळी आहे. मग राहिलं काय? मिक्सरमधला डायव्हर्टर, वर जाणारा दोन-अडीच हात पाईप आणि शॉवरचं डोकं. यातलं डोकं तर हाताने निघतं. तपास नेहमी हाताने निघणाऱ्या भागापासून सुरू करायचा आणि टाकीकडे मागं मागं जायचं. भिंत सगळ्यात शेवटी.

पाणी कमी येतं तेव्हा

आधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. एक, घरातल्या सगळ्या नळांना कमी येतं की एकट्या शॉवरला? दोन, गार आणि गरम दोन्ही कमी, की दोन्हीतलं एकच? सगळीकडे कमी असेल तर दोष टाकीत, टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा मुख्य लाईनीत. नुसतं गरम कमी असेल तर गिझर किंवा सोलरची लाईन बघा. एकट्या शॉवरला कमी असेल तर डोकं खोला.

डोकं खोलताना शॉवरच्या दांडीला एका हाताने घट्ट धरा, दुसऱ्या हाताने डोकं डावीकडे फिरवा. पाना लावायचाच असेल तर मध्ये जाड फडकं घ्या, नाहीतर क्रोम निघतं. दांडी धरायची ती अशासाठी, की डोक्याबरोबर दांडी फिरली तर भिंतीतल्या एल्बोवर जोर येतो आणि नसलेलं दुखणं तयार होतं. डोकं निघालं की नुसत्या दांडीतून पाणी सोडा. पाणी जोरात आलं तर दोष हातात आला, प्लंबरला फोन करू नका.

आपल्या भागात बोअरचं आणि विहिरीचं पाणी जड. त्यातला क्षार जाळीच्या भोकांत बसतो. इव्हॅपोरेटरच्या ट्यूबांवर जो थर बसतो, त्याचाच हा चुलतभाऊ. कारखान्यात आपण त्यासाठी गाळप थांबवून कॉस्टिक उकळतो. घरी एवढा खटाटोप नको. तांब्याभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्त्व टाका, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते सायट्रिक ॲसिड. त्यात डोकं रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. भोकं टाचणीने मोकळी करा, पण ती मोठी करू नका. संडास धुवायचं ॲसिड मात्र वापरू नका. ते क्रोम खातं, आणि तिथंच कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो छातीत गेला तर जिवावर बेततं.

परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे द्या. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचं. उलटं गुंडाळलं तर घट्ट करताना टेप गोळा होते आणि तिचे तुकडे जाळीत जाऊन बसतात. माझ्या घरी नेमकं तेच झालं होतं.

डोकं साफ आहे आणि तरी धार बारीक, अशी तक्रार नव्या बंगल्यांत फार. तिथं बिघाड काहीच नसतो, टाकीच बुटकी असते. हिशेब करून बघा. उभ्या ३३ फूट पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. टाकीचा तळ न्हाणीघराच्या फरशीपासून १२ फुटांवर आणि शॉवर ७ फुटांवर असला तर हातात राहिले ५ फूट, म्हणजे जेमतेम ०.१५ किलो. टाकी ४ फूट भरलेली असेल तर ९ फूट, म्हणजे ०.२७ किलो. म्हणून सकाळी पहिल्याने अंघोळ करणाऱ्याला शॉवर चांगला आणि शेवटच्याला रडका. त्यात शहरातलं बघून फूटभर रुंदीचं 'पावसाळी' डोकं आणलं, तर त्याला एवढ्या दाबात काय करता येणार? लहान डोकं बसवा. नाहीतर टाकीला स्टँड करा. स्टँड ५ फुटांनी उंचावला तर टाकी तळाला असतानाचा दाब दुप्पट होतो. पाणी मात्र दुप्पट येत नाही, दीडपटीच्या आतच राहतं. आणि हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं हे विसरू नका. स्टँडचे पाय कॉलमवर किंवा बीमवर आले पाहिजेत, नुसत्या स्लॅबच्या मध्यावर नव्हे.

शॉवर गळतो तेव्हा

बंद केल्यावर शॉवर थोडा वेळ ठिबकतो आणि थांबतो, ही गळती नव्हे. डोक्यात राहिलेलं पाणी ते. रात्रभर ठिबकत असेल तर कॉक बंद होत नाही असं समजा. डोकं बदलून काही उपयोग नाही, दोष खाली कॉकमध्ये असतो. किती पाणी जातं ते मोजा. खाली भांडं ठेवा. अर्ध्या तासात एक लिटर भरलं तर दिवसाला ४८ लिटर गेलं. ठिबकवर ऊस लावणारे आपण, घरातल्या ठिबकचा हिशेब कुणी करत नाही.

जुन्या पितळी कॉकमध्ये रबरी वायसर असतो. आधी स्टॉप कॉक बंद करा. तो नसेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून लाईन रिकामी करा. मग मूठ काढून स्पिंडल बाहेर घ्या. वायसर चेपला असेल, कडक झाला असेल तर त्याच मापाचा नवीन टाका. वायसर नवा असूनही गळत असेल तर तो जिथं टेकतो ती सीट बोट फिरवून बघा. तिला खाच पडली असेल तर पूर्ण कॉक बदलणं बरं. मुठीखालून पाणी येत असेल तर ग्लँड नट पाव आटा आवळा, पुष्कळदा तेवढ्यात भागतं.

नव्या अर्ध्या फेऱ्याच्या कॉकमध्ये वायसर नसतो, दोन सिरॅमिकच्या चकत्या एकमेकींवर फिरतात. त्यांच्यात वाळूचा कण अडकला की गळती सुरू. जोर लावून बंद करू नका, चकतीवर चरे पडतात. आतला तुकडा काढून धुऊन बघा. चरे पडलेच असतील तर जुना तुकडा खिशात घालून दुकानात जा. 'साधारण असा' म्हणून आणलेला माल शंभरात नव्वद वेळा बसत नाही.

गरम पाण्याचं दुखणं

अलीकडे घरोघर सोलर आले आहेत. टाकी एकदा रिकामी झाली, परत भरली, गार पाणी येतं पण गरम येतच नाही, अशा वेळी बहुधा गरम लाईनीत हवा अडकलेली असते. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडा आणि खालच्या तोटीचं तोंड तळहाताने घट्ट दाबा. गार पाणी उलटं गरम लाईनीत शिरतं आणि हवेला वर ढकलतं. दोन-तीन वेळा केलं की लाईन गुरगुरत चालू होते. एक जपा. काचेच्या नळ्यांचा सोलर भर उन्हात रिकामा तापला असेल तर त्यात तेव्हा गार पाणी सोडू नका, नळ्या तडकतात. सूर्य मावळल्यावर, नळ्या निवल्यावर भरा. आणि सोलरच्या लाईनीला साधा पीव्हीसी पाईप कुणी लावत असेल तर हात धरा. ६० अंशाच्या पुढं तो मऊ पडतो. सीपीव्हीसी वापरा, नाहीतर जीआय.

गार नळाला गरम पाणी येतं, अशीही तक्रार असते. न्हाणीघरात हातात धरायचा शॉवर असेल आणि मिक्सर उघडा ठेवून नुसता त्याचा खटका बंद केला असेल तर गरम-गार आतल्या आत मिसळतं. आधी मिक्सर बंद करायची सवय लावा. तरीही होत असेल तर लाईनीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. घरात म्हातारी माणसं, लहान पोरं असतात. सोलरचं पाणी दुपारनंतर कातडी सोलण्याइतकं तापलेलं असतं.

शॉवरला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो प्लंबिंगचा दोष नाही. मेन स्विच बंद करा, गिझरचं कनेक्शन तोडा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर असल्याशिवाय गिझर परत चालू करायचा नाही.

आता गॅस गिझर. यावर जरा थांबून वाचा. शॉवर घेता घेता गिझर मध्येच विझतो, पाणी गार-गरम होतं, म्हणून लोक गिझरला नावं ठेवतात. पुष्कळदा दोष शॉवरच्या चोक झालेल्या जाळीचा असतो. हा गिझर ठराविक वेगाने पाणी वाहिलं तरच पेटतो. जाळी बुजली, वेग कमी झाला की तो विझतो. जाळी साफ करा, सुरळीत चालेल. पण हा गिझर न्हाणीघराच्या आत असेल तर दुरुस्ती राहू द्या, आधी तो बाहेर काढा. बंद जागेत ज्योत हवेतला प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं, पायातलं बळ जातं, आणि माणूस कडी काढायच्या आत खाली पडतो. महाराष्ट्रात अशाने अंघोळीला गेलेली धडधाकट माणसं दगावली आहेत. वरची झडप उघडी आहे, पंखा आहे, यावर विसंबू नका. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत. अंघोळीला कुणाला नेहमीपेक्षा उशीर झाला तर हाक मारा. ओ आली नाही तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्यावर आणा आणि तडक दवाखान्यात न्या.

भिंत कधी फोडायची

भिंतीला ओल आली तर ती केव्हा वाढते ते आठ दिवस बघा. अंघोळीनंतरच वाढत असेल आणि एरवी सुकत असेल तर बहुधा पाईप फुटलेला नाही. टाईल्सच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेने पाणी मुरतंय. सांधे खरवडून नव्याने भरा. ओल रात्रंदिवस सारखीच असेल तर एक रात्र सगळे नळ बंद ठेवून टाकीत पाण्याच्या पातळीला खडूची खूण करा. संडासची टाकी भरून तिचाही कॉक बंद करायचा, नाहीतर हिशेब चुकतो. सकाळी पातळी उतरली असेल तर लाईन फुटली आहे. मग गरम आणि गार लाईन आळीपाळीने बंद करून कुठली ते ठरवा, आणि ओल जिथं सगळ्यात वर दिसते तिथली एकच टाईल काढा. पाणी खाली उतरतं, त्यामुळे फुटलेली जागा बहुधा ओलीच्या वरच्या टोकाला सापडते.

ज्यांचं घर अजून बांधायचं आहे त्यांनी एक करावं. प्लास्टर व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप लावून, आकडे दिसतील असा पाईपांचा फोटो काढावा. मोबाईलमधले फोटो पुसले जातात, म्हणून त्याची एक छापील प्रत घराच्या कागदपत्रांच्या फाईलीत ठेवावी. टाईल्सची एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर टाकावी. आणि प्रत्येक न्हाणीघराला स्वतंत्र स्टॉप कॉक बसवून घ्यावा. महिन्यातून एकदा तो पूर्ण बंद करून परत उघडावा, उघडल्यावर पाव आटा मागं घ्यावा, म्हणजे क्षाराने जाम होत नाही.